चाळीस शेरांचा कमठा

चन्नप्पा वाण्यांनी पाच शेरांचं सातवं वजन झोळीत ठेवलं, तशी दुकानाची तुळई करकरली. तुळईच्या खुंटीला धुळाजीनं आपला कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, आडवा टांगला होता. दोरी खालच्या अंगाला, आणि दोरीच्या मधोमध गोणपाटाची झोळी. वजन पडेल तशी दोरी खाली येत होती आणि बांबूची दोन्ही टोकं वाकत होती. चन्नप्पांनी मुठीपासून खाली एक तीर उभा धरला आणि डोळे बारीक केले. दोरी तिराच्या शेवटाला पोचायला अजून दोन बोटं कमी होती.

"पस्तीस झाले," ते म्हणाले. "फुडं जायाचं का?"

"ठिवा."

"कमठा मोडंल, न्हाईतर माजी तुळई. तुळई मोडली तर शिवम्मा मला घरात घ्यायची न्हाई."

"ठिवा, अप्पा."

चन्नप्पांनी मनातल्या मनात शिवाचं नाव घेतलं आणि आठवं वजन ठेवलं. दोरी खाली आली, तिराच्या शेवटाला टेकली आणि थांबली. पुऱ्या ओढीला दोरी जेवढ्या वजनानं येते तेवढ्या शेरांचा कमठा, असा साधा हिशेब. तो तपासायला धामणदऱ्यात वाण्याच्या दुकानाएवढी खात्रीची जागा दुसरी नव्हती.

"चाळीस," चन्नप्पा म्हणाले. "बरोबर चाळीस. पन ध्यानात ठेव, माज्या वजनान्ला दम लागत न्हाई. मानसाला लागतो."

धुळाजी हसला नाही. त्यानं वजनं उतरू दिली, कमठा गुडघ्याला लावून वाकवला आणि दोरी उतरवून गुंडाळली. काम झालं की दोरी उतरवायची, हे कमठा हाती धरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. चढवलेल्या दोरीनं बांबू मऊ पडतो.

दसऱ्याला अडीच महिने राहिले होते.

धामणदऱ्याच्या घाटाची राखण नाईकांच्या घराण्याकडे किती पिढ्यांपासून होती, ते नाईकांनाही सांगता आलं नसतं. मांजरसुंब्याकडून येणाऱ्या गाड्या आणि माणसं घाटातून सुखरूप पार करायची आणि त्यापोटी माळाखालचं वीस बिघे इनाम खायचं. निजाम सरकारनं सनद कायम ठेवली होती, आणि सनदेतली जुनी अटही कायम ठेवली होती. दसऱ्याला नाईकानं भैरोबाच्या ठाण्यातला कमठा उचलायचा आणि दरीच्या अलीकडून पलीकडच्या काठावर तीर टाकायचा. अंतर एकशे साठ पावलं. तीर तीन. तिन्ही दरीत पडले, तर राखण आणि जमीन भावकीतल्या दुसऱ्या घराकडे.

धुळाजीच्या बापानं, सटवा नाईकानं, बावीस वर्षं तीर पलीकडे टाकला. मग तापाची साथ आली आणि कमठ्यासारखा कमठा ओढणारा माणूस तीन दिवसांत गेला. मागे राहिला धुळाजी. अंगानं काटक म्हणावं तर कौतुक होईल. गाव त्याला किडकिडा म्हणायचं. दुसऱ्याच्या दंडाची मापं काढायला गावाला नेहमीच सवड असते.

देवाचा कमठा चाळीस शेरांचा, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. तो कधी कुणी तोलला नव्हता. देवाला तागडीत घालणार कोण? ठाण्यात तो बारा महिने दोरी चढवलेलाच टांगलेला असायचा, कारण दोरी उतरवली म्हणजे देव निजला, आणि घाटाचा देव निजून कसं चालेल? दोरी अगदी कुजलीच, तर नाईकानं आतून दार लावून नवी चढवायची. एरवी नाईकाखेरीज कुणाचा हात लागायचा नाही, आणि नाईकाचाही लागायचा तो दसऱ्यालाच.

म्हणून धुळाजीनं स्वतःचा कमठा केला. साथ सरली त्या महिन्यात पहिला, वीस शेरांचा. वीस शेरांनीही त्याचे दंड पहिले आठ दिवस रात्रंदिवस ठणकले. मग पंचवीसचा, मग तीसचा. दर वेळी जाड बांबू तासायचा, धामणीच्या लाकडाची मूठ बसवायची आणि चन्नप्पांच्या तुळईला टांगायचा. आता चाळीस.

रोज सकाळी तो माळावर उभा राहायचा. त्याची आई मुक्ताबाई शेण्या थापता थापता त्याच्याकडे बघायची. तिनं आयुष्यात कमठा हाती धरला नव्हता, पण बावीस दसरे नवऱ्याकडे डोळे लावून उभी राहिली होती.

"कोपर खाली पडतंय तुजं," ती म्हणायची. "त्येंचं खांद्याच्या वर असायचं. अन् आदी आभाळाकडं बगायचे. देवाला इचारल्यावानी."

"आभाळाकडं कावून? पलीकडचा काठ तर समोर असतोय."

"मला काय ठावं? पन बगायचे. अन् दसऱ्यानंतर चार दिस खांदा शेकून घ्यायचे माज्याकडून. ईट तापवून तापवून माजे हात भाजायचे. एवढं जड व्हतं ते."

धुळाजी मग तीर वेचून आणायचा. पुन्हा कमठा उचलायचा. चाळीस शेर छातीपर्यंत यायचे आणि तिथंच अडायचे. दोरी बोटांत रुतायची, डावा हात थरथरायला लागायचा आणि तीर सुटायच्या आधीच दोरी पुढे सरकायची. तीर जायचा शंभर पावलं, कधी एकशे दहा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी म्हाळू माळावर आला. म्हाळू म्हणजे भावकीतलं दुसरं घर. धुळाजीचा चुलतभाऊ, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, दाराच्या फळीएवढी छाती. त्याचा स्वतःचा पस्तीस शेरांचा कमठा होता आणि त्या कमठ्यानं तो दरीपलीकडे हसत तीर टाकायचा. सटवा नाईकाच्या तिरडीला पुढचा खांदा त्यानंच दिला होता. राखण आपल्या घरात यावी असं त्याला वाटायचं, आणि ते तो लपवतही नव्हता.

बराच वेळ तो बांधावर बसून तंबाखू मळत राहिला. धुळाजीचे चार तीर अर्ध्यात पडले.

"हातानं ओढाया लागलास बे," तो म्हणाला.

"मग काय पायानं ओढू?"

"पाठीनं ओढ." म्हाळू उठून त्याच्या मागे आला आणि त्याच्या खांद्यांमागच्या दोन फऱ्यांच्या मधे अंगठा दाबला. "हे दोन्ही हितं भेटले पायजेत. हात निस्ता आकडा हाय, दोरी अडकवायचा. आन् सोडताना दोरी ढकलू नगस. पाठ ओढतच ऱ्हावी, बोटं आपसूक सुटावी."

धुळाजीनं ओढलं. दोरी हनुवटीला लागली. पहिल्यांदाच.

"दादा, तुमी मला कावून शिकवता? मी पडलो तर राखण तुमची."

म्हाळूनं तंबाखू तोंडात टाकली. "तू पडलास तर मी घेनारच. सोडनार न्हाई. पन नाईकाचं पोरगं चार गावांफुडं दोरी ढकलतंय, हे मला बगवायचं न्हाई." आणि तो बांध उतरून निघून गेला.

त्यानंतरचे दीड महिने धुळाजीनं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. कणीस तोडलं, बैल चारले, पण सगळं पाठीनं. विहिरीवर घागर ओढतानाही दोन फरे एकमेकांना भेटवायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरात्र बसलं तेव्हा चाळीस शेरांची दोरी त्याच्या कानाला लागत होती आणि दहा आकडे मोजेपर्यंत तिथं थांबत होती. तीर दरीएवढं अंतर सरळ कापून जात होता. बापाची जागा आपण भरून काढू शकतो, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि त्या वाटण्यानं तो सुखावला.

दसऱ्याला ऊन कलायच्या सुमारास सगळं गाव दरीच्या काठाशी जमलं. तीर पलीकडे पडल्याशिवाय आपट्याच्या पानाला हात लावायचा नाही, म्हणून पोरं काठावरच्या आपट्याभोवती घुटमळत होती. तहसिलीतून नवे पेशकार आले होते, शेरवानी आणि लाल टोपी घातलेले. त्यांना घोंगडी अंथरून दिली होती, समोर पाटील, आणि मांडीवर दौत-कागद. आपला शेरा पडल्याशिवाय सनद चालत नाही, हे त्यांनी बसताक्षणी सांगून टाकलं होतं.

गुरवानं कमठा उघडा हात न लावता, सोवळ्याच्या कापडात धरून आणून धुळाजीच्या हातावर ठेवला. शेंदराची पुटं चढून चढून तो मनगटाएवढा जाड झाला होता. हाताला जड लागला. धुळाजीनं कपाळाला लावला, डावा पाय पुढे टाकला, तीर बसवला, कोपर खांद्याच्या वर नेलं आणि चाळीस शेरांना घालायचं तेवढं सगळं बळ पाठीत आणून ओढलं.

दोरी कानाशी इतकी झटकन आली की तो मागेच कलंडला. तोल सावरताना बोटं सुटली. तीर भलतीकडेच गेला आणि दरीच्या मधोमध करवंदीच्या जाळीत पडला.

गावानं एकच सुस्कारा टाकला. कुणीतरी म्हणालं, "पेलला न्हाई." मुक्ताबाईनं पदर तोंडाशी धरला.

धुळाजी हातातल्या कमठ्याकडे बघत उभा राहिला. नऊ महिन्यांत त्याच्या दंडाला चन्नप्पांची सगळी वजनं पाठ झाली होती. हे चाळीस नव्हते. तीस नव्हते. ज्या वीस शेरांनी त्यानं सुरुवात केली, तेवढेही नव्हते. अठरा असतील. बारा महिने चढवून ठेवलेल्या दोरीनं बांबू मऊ पडतो, हे ज्या गावात पोरापोराला ठाऊक, त्याच गावानं देवाचा कमठा पिढ्यान्‌पिढ्या चढवून ठेवला होता. तो नियम माणसांच्या कमठ्याला. देवाच्या कमठ्याला लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आधी त्याला संताप आला. यासाठी का नऊ महिने बोटांची सालं काढली? मग ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, यात जीव नाही उरलेला. पण पहिला तीर दरीत घालून बसलेल्या माणसाचं कोण ऐकणार? नाचता येईना अंगण वाकडं, हेच लोक म्हणाले असते. शिवाय सांगितलं, तर मग बापाचं काय? बावीस वर्षं गाव ज्याच्या मानेवरच्या शिरा फुगलेल्या बघत आलं, तो माणूस काय ओढत होता? ज्याच्या खांद्याला आईनं हात भाजून घेऊन शेक दिला, तो खांदा खरंच दुखत होता का? सटवा नाईकानं मूठ झाकून ठेवली होती, ती घरच्या माणसापुढेही उघडली नव्हती.

पण तीर पलीकडे जात होता. ते तर सोंग नव्हतं. अठरा शेरांच्या काठीनं एकशे साठ पावलं, दरसाल. म्हणजे बाप आभाळाकडे बघायचा तो देवाला विचारायला नव्हे.

त्यानं दुसरा तीर लावला आणि कमठ्याचं टोक वर उचललं, समोरच्या काठाच्या कितीतरी वर, जिथं नुसतं निळं होतं तिथं. पाठ ओढत राहिली, बोटं सुटली. तीर उंच गेला, दिसेनासा झाला, आणि उतरला तो पलीकडच्या कड्याच्या अंगात, काठाच्या पुरुषभर खाली. खडकावर आपटून खणकन वाजला आणि दरीत गेला.

"ईस हात तरी कमी पडला," गर्दीतून कुणीतरी उगाच वाढवून सांगितलं.

पेशकारांनी कागदावरून मान वर केली. "एक रह गया."

एक राहिला होता. यापेक्षा वर नेम धरला तर तीर उंच जाईल, लांब जाणार नाही. वाढवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती ओढ. कानाच्याही मागे चार बोटं ओढलं, तर कमठा थोडं अधिक देईल. किंवा कड्कन मोडेल. जुना बांबू, आत काय किडलंय कुणी बघितलंय? राखण जाणं वेगळं आणि भैरोबाचा कमठा आपल्या हातात मोडणं वेगळं. त्यानंतर या गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

धुळाजीनं तीर लावला. टोक वर धरलं. दोरी कानाला आली, कानामागे गेली. तिराचं पातं मुठीच्या आत येऊन डाव्या अंगठ्याला टेकलं. शेंदराच्या पुटाला बारीक चीर गेली आणि एक कपचा त्याच्या पायाशी पडला. आत बांबू कुरकुरला. तो थांबला. चाळीस शेर पेललेली पाठ आता हलत नव्हती. समोरच्या गवताचे शेंडे त्याच्याकडे झुकलेले होते, वारा तोंडावर होता. तो थांबूनच राहिला. एक लहान मूल रडायला लागलं, त्याला कुणीतरी दूर नेलं.

गवत सरळ झालं. मग पलीकडे झुकलं.

पिकलं बोर देठावरून सुटावं तशी दोरी बोटांतून सुटली. तीर वर गेला, तिथं क्षणभर टांगल्यासारखा राहिला आणि खाली यायला लागला. पलीकडच्या काठावरच्या कुसळी गवतात तो रुतला, तेव्हा आवाजही आला नाही. नुसती पिसं दिसत राहिली.

गाव ओरडलं. पोरं आपट्याकडे धावली.

"ठैरो!" पेशकार म्हणाले. पोरं थबकली. पेशकार मनानं वाईट नव्हते, पण नवे होते आणि त्यामुळे बारीकसारीक बघणारे होते. सनदेत कमठा चाळीस शेरांचा लिहिलाय, ते म्हणाले, आणि हा जवान तर असा. दोन तीर दरीत, आणि तिसरा पार? "कमान वही है या बदल दी? किसी और से खिंचवाओ. वो देखके बोले, तो मैं लिखूँ."

गुरव म्हणाला, नाईकाखेरीज हात लावायचा रिवाज नाही. पेशकार म्हणाले, मग कागदही कोराच राहील. पाटलांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हाळूकडे बोट केलं. तोही नाईकच होता, आणि त्याच्याइतका खरं बोलणारा साक्षीदार मिळाला नसता. धुळाजीच्या वाईटावर बोलून ज्याचं भलं होणार होतं, असा तो एकटाच होता.

म्हाळूनं पायातलं पायताण काढलं, हात धुतले आणि धुळाजीसमोर ओंजळ धरली. धुळाजीनं कमठा दिला. आता म्हाळूच्या तोंडून एक शब्द निघाला असता, आणि वीस बिघे, घाट, सटवा नाईकाचं नाव, सगळं इथंच संपलं असतं.

म्हाळूनं पाय रोवले आणि ओढलं. दोरी चार बोटं आली, वीतभर आली, आणि थांबली.

त्यानं कमठ्याकडे पाहिलं. मग मान वळवून दरीच्या पलीकडे, कुसळी गवतातल्या त्या पिसांकडे पाहिलं. डोळ्यांनीच त्यानं ते अंतर मोजलं असावं. तसा तो बराच वेळ बघत होता. पस्तीस शेरांनी ही दरी ओलांडणं काय असतं ते त्याला ठाऊक होतं. अठरा शेरांनी काय असतं, ते आत्ता त्याच्या बोटांना कळलं होतं.

मग त्याचे दंड थरथरायला लागले. ओठ आवळले गेले, चेहरा लाल झाला. दोरी आणखी दोन बोटं सरकली, आणि त्यानं ती हळूहळू, जपून, परत जागेवर आणली.

"न्हाई साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "कानापत्तूर येत न्हाई माज्यानं."

"चालीस?"

"ज्यादाच आसंल. चाळीस लिवा."

पेशकारांनी लिहिलं आणि वाळू टाकून कागद झटकला. पोरं आपट्यावर तुटून पडली. बायका ओवाळायला पुढे झाल्या आणि मुक्ताबाई रडतच त्यांच्यात शिरली.

त्या गलबल्यात म्हाळूनं कमठा दोन्ही हातांनी धुळाजीला परत दिला.

"तिसरा तीर कसा टाकलास बे?" म्हाळू खालच्या आवाजात म्हणाला.

"दादा..."

"आत्ता नगं. सवडीनं शिकव मला." आणि तो सोनं घ्यायला पोरांमागे आपट्याकडे गेला.